ड्रॅगन कशाला म्हणायचं? मोगरा देव, धनावरचा नाग आणि गेममधले राक्षस



नवापूरचं रेल्वे स्टेशन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल, निदान फोटोत तरी. राज्यांची सीमा तिथं प्लॅटफॉर्मवरूनच जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत, आणि एक बाक अर्धा इकडे, अर्धा तिकडे. २०२१ च्या जानेवारीत गुजरात सरकारनं ड्रॅगन फ्रूटचं नाव बदलून 'कमलम' केलं. ड्रॅगन म्हटलं की चीन आठवतो, ते नाव बरं नाही, असं कारण तेव्हा दिलं गेलं. म्हणजे त्या बाकावर बसून तुम्ही ते फळ कापलंत, तर बाकाच्या एका टोकाला तो ड्रॅगन आणि दुसऱ्या टोकाला कमळ. फळ तेच. आता त्या फळात ड्रॅगनचं असं आहे तरी काय? सालीवर खवल्यांसारखे पापुद्रे आहेत, बस्स. तेवढ्यावर नाव पडलं आणि तेवढ्यावर गेलंही.

आजचा आमचा विषय हाच आहे, फक्त फळाऐवजी प्राणी. ड्रॅगन म्हणायचं कशाला? विषय पोरकट वाटेल. कुणी म्हणेल, गेम खेळणाऱ्या मुलांचा वाद आहे, व्याख्यान कसलं देता? पण हा वाद मुलांपुरता राहत नाही. तो शेवटी आपल्या उंबऱ्यावर येतो, कसा येतो ते सांगतो.

आधी मुलांचं ऐकू. त्यांचा मुख्य वाद पायांचा आहे. चार पाय आणि शिवाय दोन पंख असतील तर तो खरा ड्रॅगन. दोनच पाय असतील आणि पुढचे हात म्हणजेच पंख असतील, तर तो ड्रॅगन नव्हे, 'वायव्हर्न'. २०११ मध्ये 'स्कायरिम' हा गेम आला, त्यातले ड्रॅगन दोन पायांचे. हॉबिटवरच्या चित्रपटातला स्मॉग दोन पायांचा. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधले तेही दोन पायांचे. प्रत्येक वेळी कुणीतरी उठून सांगतंच की हे ड्रॅगन नाहीत. यात गंमत अशी की पायांचा हा नियम प्रामुख्यानं इंग्रजी कुलचिन्हांच्या शास्त्रातला आहे. सरदार घराण्यांच्या ढालींवर कुठलं जनावर कसं काढायचं, याचे ते नियम. मध्ययुगातल्या युरोपातल्या चित्रकारांनी दोन पायांचे ड्रॅगन बिनधास्त काढलेले आहेत. ढालीवरचा नियम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये आला, तिथून बाकीच्या गेममध्ये पसरला, आणि आज तो निसर्गनियम असल्यासारखा सांगितला जातो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ चा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी केलेला. त्याच्याबद्दल आम्हाला आदर आहे, हे आधीच सांगून टाकतो. कल्पनाशक्तीला वही-पेन्सिल आणि फासे देऊन टेबलाभोवती बसवणारा तो खेळ आहे. पण त्याला सगळ्या जगातल्या गोष्टींची यादी करायची हौस होती. १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात वाईट ड्रॅगनांची पाच डोक्यांची राणी म्हणून तियामत आली आणि चांगल्या ड्रॅगनांचा राजा म्हणून बहामुत. तियामत ही बाबिलोनची आदिम समुद्रमाता, तिला पाच डोकी त्या खेळानं दिली. बहामुत तर अरबी कथांमधला पृथ्वी तोलून धरणारा प्रचंड मासा. माशाचा ड्रॅगन झाला आणि आता जगभरच्या मुलांना बहामुत म्हटलं की ड्रॅगनच आठवतो. आणि आपला नाग? त्याच खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत नाग ड्रॅगन नाही. त्याचा वर्ग 'मॉन्स्ट्रॉसिटी', म्हणजे साध्या मराठीत विचित्र जनावर. पाठीवर कवच घेतलेलं ड्रॅगन-कासव मात्र ड्रॅगन आहे.

इतर गेम याहून मोकळे. 'मॉन्स्टर हंटर'मध्ये किरिन नावाचा एकशिंगी घोड्यासारखा प्राणी 'एल्डर ड्रॅगन'मध्ये मोडतो. 'पोकेमॉन'मधला चारिझार्ड, पंख आहेत, शेपूट आहे, तोंडातून आग आहे, तरी त्याचा प्रकार अग्नी आणि उड्डाण, ड्रॅगन नाही. आणि २०१६ मध्ये त्याच पोकेमॉननं एका नारळाच्या झाडाला ड्रॅगन ठरवलं. हसू नका, खरंच आहे. उंच मानेचं, चार डोक्यांचं माडाचं झाड आहे ते.

तर शरीरावरून काही ठरत नाही. पाय मोजून, पंख मोजून ड्रॅगन सापडत नाही, हे आमचं पहिलं म्हणणं.

शब्दावरून सापडतो का? ग्रीक 'द्राकोन' म्हणजे मोठा साप, आणि अभ्यासक त्याचा संबंध पाहण्याच्या धातूशी जोडतात. म्हणजे जो टक लावून पाहतो तो. आपला 'अजगर' म्हणजे अज गिळणारा, बोकड गिळणारा. एक डोळ्यांवरून, एक पोटावरून. मराठी बायबलात, प्रकटीकरणाच्या पुस्तकात, सैतानाचं रूप असलेला जो ड्रॅगन आहे त्याला 'अजगर' म्हटलेलं आहे. अनुवादकापुढे दुसरा शब्द कुठला होता? नवापूर भागात ख्रिस्ती आदिवासी कुटुंबं आहेत. त्यांच्या घरात हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एक देवळातला, आकाशातले तारे शेपटीनं ओढणारा. दुसरा शेताच्या बांधावरचा, कोंबडी गिळून सुस्त पडलेला. त्या दुसऱ्याला कुणी सैतान म्हणत नाही. त्याला फार तर काठीनं बाजूला सारतात.

उलट्या दिशेनंही हे झालंय. चिनी 'लोंग' पाऊस आणतो, सम्राटाच्या अंगरख्यावर बसतो, लोक त्याची पूजा करतात. युरोपीय धर्मप्रचारकांनी त्याला ड्रॅगन म्हटलं आणि तो मारायच्या जनावरांच्या रांगेत जाऊन बसला. २०२४ च्या ड्रॅगन-वर्षात चिनी माध्यमांनी इंग्रजीतही 'लोंग' हाच शब्द वापरायला सुरुवात केली, ती याच कंटाळ्यातून. आपली वर्तमानपत्रं मात्र अजून मथळ्यात ड्रॅगनची शेपटी पिळत असतात.

मग आपल्याकडे ड्रॅगन आहे की नाही? आहे, आणि फार जुना आहे. ऋग्वेदातला वृत्र. त्याला तिथं अहि म्हटलंय, साप. पर्वतावर पसरून त्यानं पाणी अडवून धरलंय. इंद्र त्याला वज्रानं मारतो आणि अडलेलं पाणी हंबरत धावणाऱ्या गाईंसारखं सुटतं. पहिल्या मंडलातल्या बत्तिसाव्या सूक्तात हे सगळं आहे, आणि तिथंच स्पष्ट सांगितलंय की या वृत्राला पाय नाहीत, हात नाहीत. पायांचा वाद घालणाऱ्या मुलांनी हे ऐकावं. शून्य पाय, शून्य पंख, आणि तरी कॅल्व्हर्ट वॉटकिन्स या भाषाशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये ड्रॅगन कसा मारावा या नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं तेव्हा वृत्र त्याच्या अगदी मध्यभागी होता. त्याचं म्हणणं असं की 'वीरानं सर्प मारला' हे वाक्यच ग्रीक, इराणी, वैदिक अशा भाषांमध्ये एका जुन्या साच्यातून आलेलं आहे. साच्यात प्राण्याचं वर्णन नाही. साच्यात क्रियापद आहे, मारलं.

हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. ड्रॅगन म्हणजे एका गोष्टीतली जागा. तो काहीतरी अडवून बसलेला असतो, पाणी, सोनं, राजकन्या, वाट. आणि त्याला मारल्याशिवाय वीर हा वीर होत नाही. त्या जागेवर ज्याला बसवाल तो ड्रॅगन.

या कसोटीवर मराठी गावातला सगळ्यात जवळचा ड्रॅगन म्हणजे धनावरचा नाग. जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीत हंडा आहे आणि त्यावर नाग बसलाय, ही गोष्ट खानदेशात काय, विदर्भात काय, कोकणात काय, कुणी ऐकली नाही? आणि तो नाग कोण असतो? बहुतेक वेळा घरातलाच पूर्वज. जन्मभर पै पै जमवली, खाल्ली नाही, खाऊ दिली नाही, मेल्यावर जीव हंड्यात अडकला आणि नाग होऊन त्यावरच बसला. आता उत्तर युरोपातली फाफनीरची गोष्ट घ्या. तोही आधी जनावर नव्हता. सोन्याच्या हव्यासापायी बापाला मारलं, सोनं घेऊन बसला आणि बसता बसता ड्रॅगन झाला. टॉल्किननं १९३७ च्या 'हॉबिट'मध्ये स्मॉगला सोन्याच्या ढिगावर झोपवलं, ते याच परंपरेतून. फरक एकच, पण मोठा आहे. फाफनीरला सिगुर्ड मारतो. आपल्या हंड्यावरच्या नागाला मारायला कुणी तलवार घेऊन जात नाही. त्याच्याशी सौदा होतो. तो स्वप्नात येतो, काहीतरी मागतो, कधी दूध, कधी कोंबडा. आणि गोष्ट काळी झाली की माणूस मागतो.

इथं गोष्ट संपून पोलीस ठाणं सुरू होतं. गुप्तधनापायी महाराष्ट्रात नरबळीचे गुन्हे झालेले आहेत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणून कुणी आम्हाला 'आपला देशी ड्रॅगन' म्हणून हंड्यावरच्या नागाचं कौतुक सांगायला आला, तर आम्ही जरा सावध होतो. सगळंच देशी गोड नसतं.

आता पुन्हा नवापूरला येऊ. सीमेपलीकडे तापी जिल्हा लागतो, सोनगड, व्यारा. लोक तेच. इकडे गावित, तिकडे गामीत. इकडे वसावे, तिकडे वसावा. आडनावाचं शेवटचं अक्षर तेवढं सीमा ओलांडताना बदलतं, आपल्या त्या फळासारखं. त्या बाजूला चौधरी, गामीत, वसावा या समाजांत मोगरा देव आहे. मोगरा म्हणजे मगर. खांबावर आडवी ठेवलेली लाकडी मगर, शेंदूर लावलेली. एबरहार्ड फिशर आणि हकु शाह या दोघांनी त्याच्यावर पुस्तक केलं, ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठानं १९७१ मध्ये प्रसिद्ध केलं. हकु शाह स्वतः चित्रकार, त्यामुळे त्यांनी लाकडाकडे लाकूड म्हणूनही पाहिलं, हे आम्हाला त्या कामात विशेष आवडतं. एक खुलासा करून ठेवतो. सातपुड्यातली देवमोगरा, म्हणजे याहामोगी माता, जिच्या यात्रेला महाशिवरात्रीला नंदुरबारमधून हजारो लोक जातात, ती देवी वेगळी. नाव जुळतं म्हणून दोघांची सरमिसळ करू नये.

मोगरा देवाकडे एकदा नीट पाहा. लांब जबडा, खवले, शेपूट, पाण्यातला वास. कुठल्याही गेमच्या चित्रकाराला फोटो दाखवा, तो म्हणेल, पंख लावले की झालं. अंगावरची निम्मी लक्षणं ड्रॅगनची आहेत. पण गोष्टीतली जागा? ती अगदी उलटी आहे. याला कुणी मारत नाही. याला लोक स्वतःच्या हातानं घडवतात, वाजतगाजत आणतात आणि उभा करतात. आजार बरा व्हावा, पीक यावं, घरात पोर खेळावं, यासाठी नवस बोलतात. भगत विधी करतो. जे जनावर नदीवर तुमची गाय ओढून नेऊ शकतं त्यालाच तुम्ही गावात जागा देता. यात भोळेपणा आहे असं आम्हाला वाटत नाही. मगर नदीत राहणारच आहे आणि तुम्हाला पाणी भरायला नदीवर जावंच लागणार आहे. एक इंद्र येऊन एकदाच मारून जाईल, ही सोय रोज पाण्याला जाणाऱ्या बाईला नाही.

नवापूरपासून डांग, नाशिकपर्यंत वाघदेवाचंही तसंच. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, गुराखी वाघदेवाला नैवेद्य देतात. कोकणा समाजाच्या वाघदेवाच्या लाकडी फळीवर वाघ असतो, नाग असतो, वर सूर्य-चंद्र असतात. गेमवाला विचारेल, यातला राक्षस कुठला आणि देव कुठला? प्रश्नच चुकीचा आहे. आणि जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्कलकुवा-अक्राणीच्या पायाशी नर्मदा आहे, तिचं तर वाहनच मकर. मगरीचा जबडा, कधी हत्तीची सोंड, माशाची शेपूट. देवळाच्या तोरणात तो आहे, कामदेवाच्या ध्वजावर तो आहे, आपल्या संक्रांतीच्या नावात तो आहे. इतका मिश्र प्राणी की कुठलाही गेम त्याला आनंदानं ड्रॅगनांच्या पानावर घेईल. पण त्याच्यावर नदी बसलेली आहे, त्याचं काय करायचं?

आता उंबऱ्यावरची गोष्ट, सुरुवातीला म्हटलं ती. १९८० मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या मंडळींनी देवदेवतांचं एक पुस्तक काढलं. त्यात ग्रीक, नॉर्स यांच्याबरोबर भारतीय देवही होते, आणि प्रत्येक देवाला हिट पॉइंट्स दिलेले होते. हिट पॉइंट्स म्हणजे किती घाव बसले की तो मरेल याचा आकडा. विष्णू किती घावांत मरेल, हे अमेरिकेतल्या एका पुस्तकात छापलेलं आहे. आम्ही यावर भावना दुखावून घ्यायला बसलेलो नाही. तो आकडा हास्यास्पद आहे, पवित्र-अपवित्र हा मुद्दा नंतरचा. कारण त्या खेळाच्या यंत्रात येण्याचा तेवढा एकच दरवाजा होता. तुम्ही कोण आहात हे सांगायचं तर आधी तुम्ही कसे मरता ते सांगा.

समजा, शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या एखाद्या मुलीनं उद्या गेम करायला घेतला. अशक्य अजिबात नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा 'राजी' २०२० मध्ये आला आणि जगभर खेळला गेला. ती मुलगी वसावे आहे, तिच्या मामाच्या गावी सोनगडकडे मोगरा देव आहे. तिला तो गेममध्ये आणायचाय. ती तयार सॉफ्टवेअर उघडते, तिथं नवीन प्राण्यासाठी रकाने आधीच आखलेले आहेत. वर्ग: ड्रॅगन की जनावर. ताकद. हल्ला. मेल्यावर काय पडतं. ती वर्ग काय लिहील? ड्रॅगन लिहिलं तर लोक ओळखतील, विक्री होईल, आणि कुणीतरी बारा वर्षांचा मुलगा तिच्या आजीच्या नवसाच्या देवाला मारून शंभर गुण घेईल. काहीच लिहिलं नाही तर तो गेममध्ये येणारच नाही. ड्रॅगन म्हणायचं की नाही, हा प्रश्न तिच्यासाठी पायांचा नाही.

आमचं मत असं की तिनं ड्रॅगन लिहू नये. पण आमचे काही मित्र याच्या विरुद्ध आहेत आणि त्यांच्या बोलण्यात दम आहे. ते म्हणतात, शब्द वापरानं बदलतो. लोंग ड्रॅगन म्हणून जगात गेला म्हणूनच जगाला माहीत झाला, आता तो आपलं नाव परत मागतोय. मोगरा देवालाही आधी आत तर जाऊ द्या. शिवाय गेमही बदलतायत. ज्या स्कायरिमच्या दोन पायांवरून वाद झाला, त्यातच पार्थुर्नाक्स नावाचा म्हातारा ड्रॅगन आहे, डोंगराच्या टोकावर बसून शिकवणारा. एक गट खेळणाऱ्याला सांगतो, याला मार, नाहीतर आम्ही मदत करणार नाही. आणि असंख्य खेळणाऱ्यांनी त्याला मारायला नकार दिला. एवढंच नव्हे, त्याला न मारताही पुढे जाता यावं म्हणून त्यांनी स्वतः गेममध्ये दुरुस्ती करून ती वाटून टाकली. ड्रॅगनच्या गोष्टीतलं जुनं क्रियापद खेळणाऱ्यांनीच नाकारलं. ही गोष्ट आम्हाला मान्य करावी लागते. तरीही, तिथं नकार द्यायला आधी कुणीतरी 'मार' म्हणावं लागलं. मोगरा देवाच्या खांबापाशी तसं म्हणायला कुणी उभं नसतं.

मग त्या मुलीनं करावं काय? आमच्याकडे गेम करण्याचं कसब नाही, फुकटचा सल्ला आहे. रकानाच बदलावा. कसा मरतो याऐवजी काय मागतो, किती दिवसांनी मागतो, दिलं नाही तर नदीकाठी काय होतं. हे गणितात बसतं. नवस म्हणजे शेवटी उधारीच, आणि उधारीचा हिशेब संगणकाला घावांपेक्षा सोपा जाईल.

जाता जाता खऱ्या मगरींबद्दल एक सांगतो. सरदार सरोवराच्या पाण्याखाली मणिबेलीपासून पुढे आपल्या जिल्ह्याच्या नदीकाठची गावं गेली, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच धरणाजवळ, मोठ्या पुतळ्यापाशी, समुद्री विमान उतरवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या तळ्यातल्या मगरी पिंजऱ्यात घालून हलवल्या. २०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. विमान पाण्यावर उतरायचं होतं आणि पाणी अडवून मगरी बसल्या होत्या. तिथं त्यांना कुणी ड्रॅगन म्हटलं नाही, पण गोष्टीतली जागा त्यांना मिळाली ती नेमकी तीच. फक्त वज्राऐवजी पिंजरा होता, आणि गाड्या वनखात्याच्या.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून मघापासून एक हात वर आहे, मला वाटतं नारळाच्या झाडाबद्दल असावा.